बिल्ल्यावरची बंदूक आणि खांद्यावरची ब्रेनगन

बोईसर-तारापूर पट्ट्यातील ज्या घरांतून कोणी आजोबा, कोणी चुलते महार पलटणीत होते, त्या घरांत गेले की भिंतीवर बाबासाहेबांच्या आणि तथागतांच्या प्रतिमेखाली बहुधा आणखी एक चौकट दिसते. तिच्यात गणवेशातील एक तरुण, आणि कधी कधी काचेच्या आत कापसावर ठेवलेला टोपीचा पितळी बिल्ला. बिल्ल्यावर दोन बंदुका एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या. "ह्या कसल्या बंदुका?" असे विचारले तर दहापैकी आठ घरांत उत्तर मिळते, "ब्रेनगन. आमचे आजोबा ब्रेनगनवर होते ना!"

वाचकहो, ते उत्तर अर्धे खरे आहे. आजोबा ब्रेनगनवर असतीलही. पण बिल्ल्यावरच्या बंदुका ब्रेनगन नाहीत. त्या व्हिकर्स मशीनगन आहेत. दोन्हींचे काडतूस त्या काळी एकच, ३०३ बोअरचे. पण घडण वेगळी, काम वेगळे, आणि जवानांच्या तोंडी दोघींची कीर्तीही वेगळी. हा फरक घरोघरी पुसला गेला आहे, म्हणून आम्ही पालघर आणि बोईसर येथील काही निवृत्त जवानांशी बसून बोललो, त्याला पुस्तकी माहितीची जोड दिली आणि हा लेख सिद्ध केला. शस्त्राची पूजा बांधावी असा आमचा हेतू नाही. पण ज्या यंत्राच्या मागे आमच्या माणसांनी उमेदीची वर्षे काढली, त्याच्याविषयी ती माणसे काय म्हणत होती हे तरी घरात नीट ठाऊक असावे.

व्हिकर्स ही जड मशीनगन. ब्रिटिश सैन्याने ती १९१२ साली स्वीकारली. तिच्या नळीभोवती जाड पत्र्याची टाकी असते आणि तीत सुमारे चार लिटर पाणी भरावे लागते, कारण एकसारखा मारा केल्यावर नळी तापून लाल होऊ नये. काडतुसे कापडी पट्ट्यात ओवलेली, एका पट्ट्यात २५०. खाली तीन पायांची घोडी, ती एकटीच वीस किलोहून जास्त. ही बंदूक एकट्याने उचलून पळण्याची नव्हेच. ती मांडायची, पाणी भरायचे, पट्टा लावायचा आणि मग तासन् तास मारा करायचा. पाणी उकळले की वाफ बाहेर पडते आणि ती वाफ पाहून शत्रूला जागा कळते. म्हणून वाफ नळीवाटे डब्यात सोडून तिचे पुन्हा पाणी करायचे. त्या पाण्याचा चहा केल्याच्या गोष्टी जगभरचे मशीनगनवाले सांगतात. बोईसरच्या एका वयोवृद्ध हवालदारांना आम्ही हे विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "चहाला ग्रीसचा वास येईल हो. पण थंडीत हात शेकायला ती टाकी बरी."

ब्रेनगन म्हणजे हलकी मशीनगन, जिला पुढे सगळे 'एलएमजी' म्हणू लागले. वजन सुमारे दहा किलो. पुढे दोन पाय, मागे लाकडी दस्ता, आणि डोक्यावर वाकडे मॅगझीन. ती खांद्याला लावून, झोपून, वेळप्रसंगी कमरेशी धरून चालतासुद्धा मारता येते. व्हिकर्स पलटणीची, तर ब्रेन सेक्शनची. दहा-बारा जवानांच्या एका सेक्शनला एक ब्रेनगन, आणि ते दहा-बारा जवान तिच्याच भरवशावर पुढे सरकणार.

कीर्ती कागदावर नव्हे, चिखलात ठरते

बंदुकीची परीक्षा दोनदा होते. एकदा कारखान्याच्या मैदानावर साहेबलोकांसमोर, आणि दुसऱ्यांदा चिखलात, जवानासमोर. पहिल्या परीक्षेत पास झालेली दुसरीत नापास झाल्याची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने शोशा नावाची स्वयंचलित बंदूक काढली. अडीच लाखांच्या आसपास नग बनले. हलकी होती, स्वस्त होती, एका माणसाला नेता येत होती. पण तिचे अर्धचंद्राकार मॅगझीन एका बाजूने उघडे असे, आतील काडतुसे किती उरली ते दिसावे म्हणून! खंदकातील चिखल सरळ आत. अमेरिकन काडतुसासाठी बदललेली तिची आवृत्ती तर आणखी वाईट निघाली, आणि अमेरिकन जवानांनी तिला दिलेल्या शिव्या आजही पुस्तकांतून छापल्या जातात.

त्याच अमेरिकेने जॉन ब्राउनिंग यांच्याकडून १९१७ साली एक स्वयंचलित रायफल करून घेतली. ती १९१८ मध्ये फ्रान्सच्या रणांगणावर उतरली आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात व कोरियातही चालली. जवान तिला 'बार' म्हणत. तिची कीर्ती मोठी: धूळ, चिखल, पाऊस, काही झाले तरी ती मारतेच. पण ती वाहणाऱ्याची तक्रारही तितकीच जुनी. मॅगझिनात काडतुसे फक्त वीस. नळी तापली तर लढाईत बदलता येत नाही. वजन इतके की पुष्कळ जण पुढचे पाय काढून फेकून देत. चांगल्या बंदुकीविषयी जवान असेच बोलतो. आधी स्तुती, मग 'पण'. नुसती स्तुती ऐकू आली तर बोलणारा बहुधा कारखान्याचा माणूस असतो.

ब्रेन ह्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी जन्मली, पण वेगळ्याच देशात. तिचे मूळ चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहरी. तेथे व्हाक्लाव होलेक यांनी एक हलकी मशीनगन सिद्ध केली होती. ब्रिटिशांनी तिच्यात आपल्या ३०३ काडतुसाप्रमाणे फेरफार करून घेतले आणि एनफिल्डच्या कारखान्यात १९३७ पासून ती बनू लागली. ब्रनोचे 'ब्र' आणि एनफिल्डचे 'एन' मिळून 'ब्रेन'. इंग्रजीत मेंदूला म्हणतात त्या शब्दाशी तिचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पालघरच्या एका शिक्षकमित्राने आम्हांला तसा अर्थ मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला होता.

हिंदी सैन्याची गोष्ट आणखी थोडी निराळी. ब्रिटिशांनी ब्रेन घेण्यापूर्वीच, १९३३ साली, हिंदी सैन्याने व्हिकर्स-बर्थियर नावाची हलकी मशीनगन स्वीकारली होती आणि ती बंगालमध्ये ईशापूरच्या कारखान्यात बनत असे. दिसायला ती ब्रेनची सख्खी बहीण. तेच डोक्यावरचे वाकडे मॅगझीन, तेच दोन पाय. त्यामुळे युद्धकाळातील हिंदी जवानांच्या फोटोंखाली सरसकट 'ब्रेनगन' लिहिलेले आढळते, ते नेहमीच बरोबर असते असे नाही. युद्ध पुढे सरकले तशी ब्रेन हिंदी पलटणींतही आली आणि तिने बहिणीचे नाव जवळजवळ पुसून टाकले.

अठ्ठावीस, तीस नव्हे

ब्रेनच्या मॅगझिनात ३० काडतुसे मावतात. पण जुना जवान ३० भरत नसे, २८ भरे. स्प्रिंगवर फार ताण पडला की ती सैल होते आणि ऐन वेळी काडतूस वर चढत नाही. ही गोष्ट आम्हांला तीन वेगवेगळ्या माणसांनी आपण होऊन सांगितली, इतकी ती त्यांच्या हाडात मुरली आहे. ३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते. मॅगझीन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. एक जरी उलटे बसले तरी कडा एकमेकींत अडकतात आणि बंदूक थांबते. म्हणूनच ते मॅगझीन केळ्यासारखे वाकडे. हे काम दिवसा सोपे. रात्री, पावसात, थंडीने बोटे बधिर झालेली असताना ते फक्त स्पर्शाने करायचे. पालघरच्या एका निवृत्त लान्स नाईकांच्या पत्नी आम्हांला म्हणाल्या की, रजेवर आले म्हणजे हे शेंगा सोलतानासुद्धा शेंगेची टोके एका दिशेला लावून ठेवायचे, आणि आम्ही हसायचो.

पुष्कळांना वाटते की बंदूक म्हणजे ती चालवणारा एक माणूस. ब्रेनगनला दोन माणसे लागतात: नंबर एक आणि नंबर दोन. घोडा ओढणारा नंबर एक. त्याच्या डावीकडे चिकटून झोपलेला नंबर दोन. मॅगझीन रिकामे झाले की वरचे काढून नवे लावणारा तो. नळी तापली की खिटी उचलून, नळीच्याच लाकडी मुठीला धरून ती बाहेर ओढणारा आणि राखीव नळी बसवणारा तो. काही सेकंदांचे काम, पण त्या सेकंदांत सगळे सेक्शन मुके असते. दहा मॅगझिने झपाट्याने मारली की नळी बदलावी असा नियम होता. शांतपणे मारायचे तर मिनिटाला एक मॅगझीन, घाईत चार. म्हणजे खरी धुमश्चक्री असेल तर दोन-अडीच मिनिटांत नळी बदलायची वेळ आली. राखीव नळी, अवजारांची थैली आणि वाढीव मॅगझिने पाठीवर घेऊन डोंगर चढणारा नंबर दोन. आणि नंबर एक पडला तर त्याच जागी सरकून दस्ता खांद्याला लावणाराही तोच.

सन्मानपत्रे वाचली तर नंबर दोनचे नाव क्वचितच सापडते. आम्ही हे कोणाचा मान कमी करण्यासाठी म्हणत नाही. पण ज्या आजोबांनी नातवंडांना "मी ब्रेनगनवर होतो" एवढेच सांगितले, त्यांच्यापैकी निम्मे तरी हिशेबाने नंबर दोन असणार. एक वृद्ध गृहस्थ हे बोलताना जरा संकोचले. जणू नंबर दोन असणे म्हणजे कमी काहीतरी. आम्ही त्यांना विचारले, नंबर एकला तुमच्याशिवाय किती गोळ्या मारता आल्या असत्या? त्यांनी क्षणभर विचार केला आणि सरळ उत्तर दिले, "अठ्ठावीस."

सेक्शनमधील बाकीचे जवानही ह्या बंदुकीचे भारवाहक होते. छातीवर जे दोन चौकोनी थैले दिसतात, १९३७ च्या नमुन्याचे, ते ब्रेनच्या मॅगझिनाच्या मापाने बेतलेले आहेत. प्रत्येक थैल्यात दोन मॅगझिने जात. स्वतःची साधी रायफल हातात, आणि छातीवर दुसऱ्याच्या बंदुकीचा दारूगोळा!

आता तिची कीर्ती. जुन्या जवानांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की ब्रेन दगा देत नाही. अडली तरी का अडली ते कळते. सैन्यातल्या हिंदीत ज्याला 'रोक' म्हणतात ती आली की हाताने दट्ट्या मागे ओढा, मॅगझीन बदला, पुन्हा मारा. तरीही अडली तर वायूच्या छिद्राचे माप बदला. नळीतून येणारा वायू मागचे यंत्र ढकलतो, आणि काजळीने तो कमी पडू लागला तर मोठे छिद्र समोर आणायचे. अशी चार मापे होती. काडतुसाच्या टोकानेच ते फिरवता येई. शाळेची पायरी न चढलेला जवानसुद्धा हे चार महिन्यांत शिकत असे, डोळे बांधून 'खोलना-जोडना' करीत असे. सैन्याच्या हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. आपल्याकडे शिस्तीचा अर्थ वेगळा, पण ब्रेनवाल्याच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकच होऊन जातात.

दुसरी कीर्ती नेमकेपणाची. आणि येथेच जवानाचा 'पण' येतो. ब्रेन फार नेमकी, असे चक्क तक्रारीच्या सुरात सांगतात. मशीनगनचे काम गोळ्या थोड्या पसरवण्याचे. ब्रेनच्या पाच गोळ्या एकाच ठिकाणी जाऊन बसतात. पहिली लागली नाही तर उरलेल्या चारही लागत नाहीत. काही जण तर झिजलेल्या नळीची ब्रेन मागून घेत, असे आम्ही ऐकले. इंग्रज जवानांच्या आठवणींतही हीच तक्रार आहे, म्हणजे ती केवळ बोईसरची नाही.

डोक्यावरच्या मॅगझिनाचेही तसेच. झोपून मारताना ते सोयीचे, कारण बंदूक जमिनीला चिकटून राहते आणि शेजारच्याला हात पोचतो. पण समोरचे दृश्य मध्येच अडते, म्हणून नेम धरायची दृष्टी डाव्या बाजूला सरकवलेली. परिणाम असा की डावखुऱ्या माणसाला ही बंदूक डाव्या खांद्यावरून मारताच येत नाही. डावखुऱ्यांनी उजवा खांदा शिकून घ्यायचा. शिवाय मोर्चाच्या वर सर्वांत आधी शत्रूला दिसते ते हे मॅगझीनच.

नळीच्या समोरून

बंदुकीची कीर्ती मागून एक असते, समोरून दुसरी. इटलीच्या आघाडीवर मराठी जवान ब्रेन घेऊन उभे होते, पण समोर जर्मनांची एमजी ४२ होती. ब्रेन मिनिटाला सुमारे ५०० गोळ्यांच्या वेगाने मारते, तर ही १,२०० च्या. ब्रेनचा आवाज ठोके मोजता येतील असा, तर तिचा आवाज कापड टरकावल्यासारखा. गोळ्या वाचवायच्या, थोड्या थोड्या मारायच्या, हे ब्रेनवाल्याचे धोरण. जर्मनांचे धोरण उलटे.

१० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे जवान ठार किंवा जायबंदी झाले. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा बावीस वर्षांचा तरुण एकटा त्या ठाण्यावर धावून गेला. हातगोळ्याने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले, आणि मॅगझीन बदलायला वेळ नाही म्हणून तीच बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळवले. मग बाजूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांचा हात जखमी झाला, टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती फेकून त्यांनी हातगोळ्यांनी मशीनगनची ठाणी बंद केली. ते जगले, आणि १९८४ साली वारले. दोन्ही प्रसंगांत मॅगझीन संपणे किंवा हात निकामी होणे हाच कळीचा क्षण आहे, हे शौर्याची वर्णने वाचताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

इंफाळच्या उत्तरेस ६ एप्रिल १९४४ रोजी जाट रेजिमेंटचे जमादार अब्दुल हाफिज यांनी जखमी पायाने पुढे जाऊन जपानी मशीनगनची नळीच हाताने धरून वर ढकलली, आणि मग एका जखमी जवानाची ब्रेन उचलून, मारा करीत पुढे गेले. तेही वाचले नाहीत. पुढे २००८ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याच्या रायफलीची नळी अशीच धरली होती. शस्त्रे बदलली, पण उघड्या हाताने नळी धरणारी माणसे त्यानंतरही निघाली.

स्वतंत्र भारतातही ब्रेनने पहिल्याच वर्षी रक्त पाहिले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेराजवळ तैनधार येथे नऊ माणसांची एक चौकी होती, प्रमुख राजपूत रेजिमेंटचे नाईक जदुनाथसिंह. ब्रेनवाला जखमी झाला तेव्हा उजव्या हाताला गोळी लागलेली असतानाही त्यांनी ब्रेन स्वतःकडे घेतली. अखेरच्या हल्ल्यात ते एकटे स्टेनगन घेऊन बाहेर पडले आणि धारातीर्थी पडले. परमवीर चक्र मिळाले.

आणि बंदुकीच्या समोरच्या बाजूची आठवण पालघरला वेगळ्या तऱ्हेने आहे. युद्ध ऐन भरात असताना, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, येथे सरकारी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. पालघरचा हुतात्मा चौक त्यांचाच. त्याच साली याच देशातील हजारो तरुण त्याच सरकारच्या पलटणींत भरती होत होते. ह्यात विसंगती आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही. ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या दृष्टीने पलटण म्हणजे काय होते हे समजून घेतल्याशिवाय त्या विसंगतीचा अर्थ लागणार नाही.

बंदूक कोणाच्या हाती द्यायची?

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार जवान पिढ्यान् पिढ्या होते. कोरेगावचा स्तंभ त्याची साक्ष देतो. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार. पण 'लढाऊ जाती' आणि 'बिनलढाऊ जाती' असा हिशेब साहेबांनी मांडला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली, आणि १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो!

दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले. त्यांनी आग्रह धरला. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली, पाठोपाठ कामठीला दुसरी. काही वर्षे वायव्य सरहद्दीवर, काही अंतर्गत बंदोबस्तावर गेली. दुसऱ्या पलटणीने ब्रह्मदेशातही सेवा केली.

ऑक्टोबर १९४६ मध्ये ह्या रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले, केंद्र कामठी येथे, पुढे सागर येथे. बिल्ल्यावर त्या दोन व्हिकर्स आल्या त्या ह्यामुळे. सुरुवातीला त्यांच्यासोबत कोरेगावचा स्तंभ होता, नंतर त्याजागी खंजीर आला. मशीनगनचे काम हिशेबाचे: अंतर मोजायचे, वारा पाहायचा, आपल्याच पुढे सरकणाऱ्या जवानांच्या डोक्यावरून मारा करायचा. एका अंशाची चूक झाली तर गोळ्या आपल्याच माणसांत. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना रायफलीलाही अपात्र ठरवले, त्यांच्या हाती हे काम आले. आमच्या मते रेजिमेंटच्या साऱ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची, आणि आपल्या सभांतून ती सर्वांत कमी सांगितली जाते. आपले वक्ते कोरेगावहून थेट आजवर उडी मारतात. मधली व्हिकर्स त्यांना दिसत नाही.

फाळणीच्या वेळी ह्या पलटणी पंजाब सीमा दलात होत्या, निर्वासितांचे काफिले सांभाळून नेत होत्या. डिसेंबर १९४७ मध्ये काश्मिरात झंगडच्या लढाईत महार रेजिमेंटचे नाईक कृष्णा सोनवणे यांनी महावीर चक्र मिळवले. १९६२ मध्ये लडाखच्या बर्फात महारांच्या मशीनगन तुकड्या होत्या. पाण्यावर चालणारी बंदूक आणि पाणी गोठवणारी थंडी, काय हाल झाले असतील ते वाचकांनीच कल्पावे. त्यानंतर त्याच दशकात ह्या पलटणी साध्या पायदळात रूपांतरित होऊ लागल्या. म्हणजेच व्हिकर्स गेली आणि प्रत्येक सेक्शनच्या हाती एलएमजी, म्हणजे तीच ब्रेन, आली. बोईसरचे आमचे हवालदार ह्याच सांध्यावर भरती झाले. शिक्षण जुन्यांकडून, व्हिकर्सच्या गोष्टी ऐकत, आणि नोकरी ब्रेनवर. घरातल्या दोन बंदुकांची सरमिसळ झाली ती अशी.

निवृत्ती

१९६२ नंतर सैन्याने ३०३ सोडून ७.६२ चे काडतूस घेतले. इतर बंदुका मोडीत निघाल्या, पण ब्रेन नव्या काडतुसासाठी बदलून घेतली गेली आणि कानपूरच्या कारखान्यात बनत राहिली. नव्या काडतुसाला ती कड नाही, त्यामुळे मॅगझीन जवळजवळ सरळ झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इन्सास जातीची हलकी मशीनगन आली, तरी जुनी पुष्कळ वर्षे मागे रेंगाळली. जुन्या जवानांचे मत नव्या बंदुकीविषयी फारसे चांगले नाही, पण जुन्या जवानांचे मत नव्या कशाविषयीच चांगले नसते, हेही लक्षात घ्यावे. मार्च २०२० मध्ये सरकारने इस्रायलकडून १६,४७९ निगेव्ह मशीनगन घेण्याचा सुमारे ८८० कोटी रुपयांचा करार केला. १९२० च्या दशकात ब्रनोमध्ये आखलेल्या यंत्राने इतकी वर्षे काढली, हीच तिची खरी शिफारस.

माणसांची निवृत्ती तितकी सुखाची झाली नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या फाटकांवर कित्येक माजी सैनिक पहारेकरी म्हणून उभे राहिले. पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशीत घरी आलेला माणूस दुसरे काय करणार? एकाने सांगितले की, फाटकावर साहेबांचा ड्रायव्हर त्याला "ए वॉचमन" म्हणे, आणि हा आतल्या आत २८ मोजत असे. रागावर ताबा ठेवण्याची ती त्याची पद्धत होती.

कोणाच्या घरी जुना फोटो असेल तर त्यातील बंदूक ओळखण्याची सोपी रीत देतो. नळी जाड नळकांड्यासारखी, खाली तीन पाय, बाजूने कापडी पट्टा लोंबत असेल तर ती व्हिकर्स. डोक्यावर वाकडे मॅगझीन आणि पुढे दोन पाय असतील तर ब्रेन किंवा व्हिकर्स-बर्थियर. मॅगझीन जवळजवळ सरळ असेल तर ती ७.६२ ची, म्हणजे फोटो १९६२ नंतरचा. हातात बंदूकच नसेल, पण पाठीवर लांबट थैली असेल आणि तिच्यातून नळीचे टोक बाहेर आलेले दिसत असेल, तर तो नंबर दोन. फोटोच्या मागे नाव, गाव, पलटण आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवावे, शाई उमटते. डिस्चार्ज बुकात पलटणीचा क्रमांक आणि शिकलेल्या कोर्सांची नोंद असते, ती पाने घरातल्या मुलांकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावीत. लेखासाठी फोटो द्यावयाचा असल्यास मूळ प्रत कोणाच्या हाती सोपवू नये, झेरॉक्स पुरेशी आहे.